साताऱ्यावरून ‘शीत आघाडी’ जाणार म्हणे! या आठवड्यात नक्की काय होणार?

कृष्णाकाठचा_वारा (पलूस) | मंगळवार, सकाळ

एकच मेसेज वेगवेगळ्या ग्रुपवरून येऊन धडकायला लागला म्हणून धागा काढतोय. ‘बुधवारी रात्री साताऱ्यावरून शीत आघाडी सरकणार, पारा एका तासात पंधरा अंशांनी घसरणार, सर्वांनी सतर्क राहावे.’ खाली नाव नाही, तारीख नाही. सोबत एक नकाशा आणि त्यावर निळ्या त्रिकोणांची रेघ, म्हणजे शीत आघाडीची, पुढं सरकणाऱ्या गार हवेच्या कडेची खूण. नकाशातली किनारपट्टी मला काही कोकणाची वाटेना, पण ते राहू दे. आधी अंदाज, मग आघाडी.

बंगालच्या उपसागरावरून येणारं दमट आग्नेय वारं आणि अरबी समुद्राकडून येणारं वायव्य वारं, यांची गाठ सध्या आपल्या डोक्यावर पडायला लागलीय. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या आतल्या भागातून खाली तमिळनाडूच्या बाजूला जाणारी ही रेघ एप्रिल-मेमध्ये दरसाल येते. हवामान खात्याच्या पत्रकात ‘०.९ किलोमीटर उंचीवर द्रोणीय रेषा’ किंवा ‘वाऱ्यांची विसंगती’ असं जे वाचून आपण पुढं जातो, ती हीच. एका जागी ती बसत नाही. कधी सोलापूर-लातूरकडं सरकते, कधी घाटाकडं. घाटाकडं झुकली की आपल्याला वळीव.

या आठवड्यात ती झुकलेली आहे. माझ्या मते बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन दिवस दुपारी तीननंतर सावध राहायचे. पहिले ढग घाटमाथ्यावर आणि पूर्वेकडच्या डोंगरांवर उठतील : महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पश्चिमेला, आणि इकडं दंडोबाच्या बाजूला. कराड, वाळवा, पलूस, मिरज या मधल्या पट्ट्यात जे काय व्हायचं ते संध्याकाळी पाच ते नऊमध्ये. माण, खटाव, आटपाडी, जत इथं पावसापेक्षा वारं आणि धूळ जास्त. वीज मात्र सगळीकडं. शनिवारी रेघ पूर्वेला सरकेल असं दिसतंय, म्हणजे रविवारी परत कोरडं ऊन. गारा एखाद्या-दुसऱ्या ठिकाणी पडतील, कुठं ते आज कुणालाच सांगता येणार नाही. गावाचं नाव घेऊन सांगणारा यूट्यूबवर भेटलाच तर त्याला लाइक करा, पण ताडपत्री त्याच्या भरवशावर ठेवू नका.

आता ती आघाडी. उत्तरेकडून गार हवा यायची तर उत्तरेला गार हवा असायला हवी ना? एप्रिलात तिकडं अकोला, नागपूर, त्याच्या पलीकडं राजस्थान, सगळं आपल्यापेक्षा तापलेलं. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, हिमालयावरून गेला की मागून उत्तरेचं वारं येतं आणि आपल्याकडं हुडहुडी भरते, ते वेगळं. उन्हाळ्यात हे झंझावात वरच्या वर उत्तरेतून जातात. त्यांचा शेंडा कधी खाली आला आणि त्याला दमट वारं भेटलं तर गारपीट होते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची महाराष्ट्रातली गारपीट आठवत असेल. पण तेव्हाही साताऱ्यावरून निळी रेघ सरकली नव्हती.

आपापल्या भागातलं ढग-वारं इथं लिहित जा. गाव आणि वेळ टाकायला विसरू नका.


यवतेश्वराचा_घाट (सातारा) | मंगळवार, सकाळ

अंदाज पटला, आघाडीचं पटलं नाही. साताऱ्यात संध्याकाळी सात वाजता पश्चिमेकडून गार वारं येतंच की हो! राजवाड्यावर भेळ खायला उभं राहिलं की कळतं. दुपारी तापलेलं शहर अर्ध्या तासात सुसह्य होतं. मग ही गार हवा कुठून येते?


कृष्णाकाठचा_वारा | मंगळवार, सकाळ

घाटसाहेब, ती समुद्रावरून येते. सातारा किनाऱ्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. दुपारभर कोकणात आत शिरत गेलेलं खारं वारं सह्याद्री चढून तिन्हीसांजेला पठारावर उतरतं. पुण्यालाही येतं. पुढची कड धरली तर ती छोटीशी आघाडीच म्हणायला हरकत नाही : इकडं गरम कोरडी हवा, तिकडं गार दमट, मध्ये स्पष्ट सीमा. पण तिची जाडी काही शे मीटर आणि सत्ता रात्रीपुरती. आमच्या पलूस-सांगलीला येईपर्यंत तिच्यात फार दम उरत नाही, म्हणून सातारकर रात्री पांघरूण शोधतात आणि सांगलीकर पंखा फुल्ल करतात.

या वाऱ्याचा वळिवाशीही संबंध आहे. ते जिथं आग्नेय वाऱ्याला भिडतं तिथं हवा वर ढकलली जाते आणि ढगाला पहिला रेटा मिळतो.


माणदेशी_गडी (दहिवडी) | मंगळवार, दुपार

आमच्याकडं काय तुमची आघाडी बी न्हाय आन पिछाडी बी न्हाय. आबाळ काळंभोर भरून येतंय, वारं सुटतंय, पत्रं उडत्यात, डोळ्यात माती जाती आन चार थेंब पडून खेळ खलास. तिकडं महाबळेश्वरात पावसाळ्यात हजारांनी मिलिमीटर मोजत्यात, आन त्याच जिल्ह्यात आमी वर्साला पाचशेच्या आसपास. बरं वळीव तरी द्यावा की राव! ढग तर आमच्यावरच येऊन थांबतोय.


कृष्णाकाठचा_वारा | मंगळवार, दुपार

गडी, ढग पाणी सोडतोच. ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. माण-आटपाडीत एप्रिलची हवा इतकी कोरडी की ढगाचा तळ जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटर वर असतो. तेवढा रस्ता थेंबानं कोरड्या हवेतून यायचा, म्हणजे बराचसा वाटेतच उडून जातो. लांबून बघितलं तर ढगाखाली करड्या दोऱ्या लोंबताना दिसतात आणि जमिनीच्या आधीच संपतात, तेच हे.

आणि थेंब उडाला की हवा गार होते. गार हवा जड, ती धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. तुमचे पत्रे उडवणारं वारं हेच. म्हणजे जिथं पाऊस कमी पोचतो तिथं वारं जास्त, हा योगायोग नाही. वाटेत उडालेल्या पाण्यानंच त्या वाऱ्याला जोर दिलेला असतो.

त्या वाऱ्याच्या पुढच्या कडेवर धुळीची भिंत चालत येते. म्हसवड रोडवर कधी ना कधी सगळ्यांनी बघितलेली असणार.


माणदेशी_गडी | मंगळवार, दुपार

म्हंजी आमचंच पाणी वाऱ्याला विकून ढग पुढं जातोय. बरंय.


शंकेखोर (सांगली) | मंगळवार, दुपार

मला एक सांगा. मागच्या आठवड्यात सांगलीला पिवळा इशारा होता. विश्रामबागेत एक थेंब नाही. फोनवरचं ॲप म्हणत होतं संध्याकाळी पाच वाजता पाऊस. छत्री घेऊन फिरलो, लोक हसले. हे खातं बंद करून टाकलं तर काय बिघडेल?


मिरजकरीण (माहेर मिरज, सध्या मेलबर्न) | मंगळवार, दुपार

शंकेखोरांना उत्तर मिळेलच, आधी त्या नकाशाचं सांगते. बघून हसूच फुटलं. ती रेघ ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यावर आहे! खाली जो गोलसर खळगा दिसतोय तो पोर्ट फिलिप उपसागर. त्याच्या उत्तर टोकाला मेलबर्न, म्हणजे मी. कुणीतरी इथला जुना नकाशा उचलून त्यावर साताऱ्याचा मजकूर चिकटवलाय. मेसेजमधला मजकूर मात्र इथल्यापुरता अगदी बरोबर आहे, पंधरा अंशांसकट.

इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. आधी एक-दोन दिवस उत्तरेकडून, खंडाच्या आतल्या वाळवंटी भागावरून वारं येतं, पारा कधीकधी चाळिशी ओलांडतो. घराच्या खिडक्या, पडदे सगळं बंद करून बसायचं. मग दक्षिण महासागरावरची गार हवा नैऋत्येकडून आत घुसते. या दोन हवांची जी सीमा तीच निळी रेघ, आणि त्रिकोणांची टोकं ती जिकडं चाललीय त्या दिशेला. वारा बघता बघता उत्तरेचा नैऋत्येचा होतो आणि पारा तासाभरात दहा-पंधरा अंश उतरतो. दुपारी घामानं भिजलेला माणूस संध्याकाळी जॅकेट शोधतो. इथं याला ‘कूल चेंज’ म्हणतात आणि ऑफिसात दिवसभर एकच विषय : चेंज किती वाजता? आधी वॉर्नम्बूलला पोचतो, मग जिलाँगला, मग आमच्याकडं. जिलाँगची मैत्रीण ‘आला’ म्हणाली की आम्ही खिडक्यांपाशी.

आणि खातं वेळ सांगतं ती साधारण तासाभराच्या फरकानं बरोबर येते. शंकेखोर, तुमच्या रागाचं मूळ इथंच आहे असं मला वाटतं. ही रेघ शेकडो किलोमीटर लांब असते, समुद्रावर असल्यापासून उपग्रहात दिसते आणि एका चालीनं येते. तिच्या वाटेवरचं गाव चुकत नाही. आपला वळिवाचा ढग पाच-दहा किलोमीटरचा, त्याचा जन्म-मृत्यू तासाभरात. तो सकाळी अस्तित्वातच नसतो, तर सकाळी त्याची वेळ कशी सांगणार? आपण मात्र फोनवर दोन्हींसाठी तेच ढगाचं चित्र आणि तेच टक्के बघतो.

इथल्या आघाडीचं फार कौतुक करावं असंही नाही. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला होता आणि राज्यात वणवे पेटले होते. उत्तरेच्या वाऱ्यानं आगीचे लांबच लांब, अरुंद पट्टे दक्षिणेकडं धावत होते. संध्याकाळी चेंज आला, वारा फिरला, आणि पट्ट्याची जी लांब बाजू होती तीच आगीचं तोंड झाली. त्या दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. थर्मामीटरवर दिलासा होता त्याच वेळी गावं जळत होती.

दुसरं, २१ नोव्हेंबर २०१६. वादळी ढगांच्या पुढून आलेल्या वाऱ्यानं गवताचे परागकण शहरावर आणून टाकले, दमट हवेत ते फुटून बारीक झाले, आणि एका संध्याकाळीत हजारो लोकांना दम्याचा झटका आला. दहा जण दगावले. त्यातल्या बऱ्याच रुग्णांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून माण-जतच्या लोकांना सांगणं : धुळीची भिंत येताना घरातल्या दमेकऱ्याला आत घ्या, दारं-खिडक्या लावा, पंप हाताशी ठेवा. ‘आहाहा, गार वारं’ म्हणून ओट्यावर बसवू नका.


यवतेश्वराचा_घाट | मंगळवार, दुपार

मिरजकरीण ताई, प्रतिसाद वाचून मेसेज पाठवणाऱ्या मामांना कळवलं. मामा म्हणाले, ‘नकाशा कुठलाही असो, भावना महत्त्वाची.’


कृष्णाकाठचा_वारा | मंगळवार, संध्याकाळ

मिरजकरीण ताईंनी माझं अर्धं काम केलं. शंकेखोर, उरलेलं अर्धं.

पत्रकातले शब्द सैल वाटतात, पण ते मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्मी, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्मी ते पाऊण, ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याच्यावर. वळिवाच्या दिवसांत आपल्याला जवळपास नेहमी ‘तुरळक’ मिळतं. सांगली जिल्ह्यात चार केंद्रं धरली आणि एका ठिकाणी धो धो, तीन ठिकाणी कोरडं, तर अंदाज तंतोतंत खरा. तुम्ही विश्रामबागेत कोरडे उभे होतात म्हणून तो खोटा ठरत नाही. त्या दिवशी कवठेमहांकाळला काय झालं ते विचारलं का कुणाला?

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे हालचाल करा. किती मिलिमीटर पडणार याची ती पट्टी नव्हे. वीज, वारं, गारा यांचा धोका आणि तो खरा होण्याची शक्यता, दोन्ही मिळून रंग ठरतो.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. सकाळी जिल्ह्याचा रंग बघायचा आणि तेवढ्यावर सोडून द्यायचं. दुपारी तीनपासून पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडार. आपल्याला गोव्याचं रडार जवळ, साताऱ्याच्या उत्तरेला मुंबईचं. दोन्ही दीडशे-दोनशे किलोमीटरवर असल्यामुळं त्यांचा किरण आपल्या डोक्यावरून बराच उंच जातो, तरी वळिवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच असतो, तो सुटत नाही. ढग कुठल्या बाजूला सरकतोय ते दोन-तीन चित्रं ओळीनं बघितली की कळतं. तो जमिनीवरच्या वाऱ्यानं चालत नाही, वरच्या थरातल्या वाऱ्यानं चालतो. म्हणून कधीकधी वारं तोंडावर पश्चिमेचं आणि ढग पूर्वेकडून अंगावर, असा प्रकार होतो.

एक गोष्ट फोन सांगत नाही. सकाळपासून दाट उकाडा आहे, दमटपणा आहे, आणि तरी दुपारी चारपर्यंत आभाळ निळं राहिलं, तर खूश होऊ नका. वर कधीकधी गरम हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसलेला असतो. झाकण उशिरा उडालं तर जे येतं ते जास्त जोरात येतं.


(संपादक : विजेच्या खांबांवरून सुरू झालेले राजकीय प्रतिसाद काढून टाकले आहेत. हवामानावर बोला.)


बेदाणा_शेड (सावळज) | मंगळवार, रात्र

कामाचं विचारतो. बेदाण्याचा शेवटचा लॉट अजून रॅकवर आहे. रंग छान हिरवा आलाय, अजून पाच-सहा दिवस पाहिजेत. बुधवार ते शुक्रवार म्हणताय म्हणजे बरोबर माझ्यावरच. पाऊस शेडच्या आत येत नाही, पण तिरपी झड आली की खालच्या दोन जाळ्या भिजतात. पडदे चारी बाजूंनी लावले तर आत कोंडतंय. काय करावं?


हळदकांडी (हरिपूर) | मंगळवार, रात्र

माझी हळद शिजवून खळ्यावर पसरलेली आहे. मलाही तेच उत्तर द्या.


कृष्णाकाठचा_वारा | मंगळवार, रात्र

बेदाणा भाऊ, तुम्हाला भिजण्याइतकीच भीती दमटपणाची. आभाळ भरलं आणि हवा थांबली की वाळायचं थांबतं आणि हिरव्याचा तांबूस व्हायला लागतो. म्हणून सकाळी नऊ ते तीन पडदे पूर्ण वर, हवा खेळू द्या. तीन वाजता फक्त पूर्व आणि दक्षिण बाजू खाली. या दिवसांत तुमच्याकडं पहिली झड बहुधा त्याच अंगानं येते. पश्चिमेची बाजू रडार बघून. रात्री पाऊस थांबला की लगेच उघडा, सकाळची वाट बघू नका. पडद्याचं खालचं टोक वाळूच्या पोत्यानं दाबा, दगड ठेवला तर वाऱ्यात तो रॅकवर जातो.

हळदकांडी, तुम्ही तिन्हीसांजेला गोळा करून ढीग करा, खाली-वर ताडपत्री, भोवती चर. पण दुपारी तापलेली हळद लगेच झाकू नका. आधी निवू द्या, नाहीतर आतूनच ओल धरते.


घाटमाथ्यावरून (भिलार) | मंगळवार, रात्र

स्ट्रॉबेरीचा हंगाम आवरत आलाय. राहिलेलं पिकलेलं फळ उद्या दुपारच्या आत तोडतोय. गारांनी एकदा टोचलं की ते बाजारात जात नाही, सरळ जॅमला. महाबळेश्वरला आयआयटीएमची, म्हणजे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, ढगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना ढग आमच्याच शेतावर का फुटतो ते एकदा विचारायचंय.


होणारी_वरमाय (विटा) | मंगळवार, रात्र

सगळ्यांचं झालं का? रविवारी माझ्या मुलाचं लग्न आहे, उघड्या मैदानात. गुरुवारी मंडप उभा राहतोय. मंडपवाला म्हणतो, ‘काकू, काही होत नाही.’ मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नातही तो हेच म्हणाला होता आणि आम्ही अक्षता पत्र्याच्या शेडमध्ये टाकल्या.


कृष्णाकाठचा_वारा | मंगळवार, रात्र

काकू, रविवार बरा दिसतोय. गुरुवार-शुक्रवारचं वारं मंडपानं झेलायचं आहे, तोच प्रश्न. खांब आत्ता रोवून घ्या, पण वरचं कापड शनिवारी सकाळी चढवायला सांगा. कापड नसलेल्या सांगाड्याला वारं फार काही करत नाही, कापड चढवलं की त्याचं शीड होतं. कमान आणि लोखंडी मनोरा विजेच्या तारांखाली नको. जेवणावळ जवळच्या शाळेच्या किंवा मंदिराच्या सभामंडपात हलवता येते का ते आजच विचारून ठेवा.


होणारी_वरमाय | मंगळवार, रात्र

शाळा मिळाली. आता मंडपवाल्याला तुम्हीच सांगा कापडाचं, माझं ऐकत नाही. आशीर्वादाला या सगळे.


माणदेशी_गडी | बुधवार, सकाळ

विजेचं कोन बोललंच न्हाय. आमी मेंढरं घिऊन माळावर. एवढ्या मोठ्या माळावर झाड असतंय एकच. पाऊस आला की मेंढरं आपून होऊन झाडाखाली जात्यात, मानूस बी जातंय. गेल्या साली आमच्या पावन्याची बरीच मेंढरं एकाच कडाक्यात गेली, त्यो लांब हुता म्हनून वाचला.


कृष्णाकाठचा_वारा | बुधवार, सकाळ

गडी, हा प्रश्न धाग्यात सगळ्यात वर असायला हवा होता.

माळावरचं एकटं झाड ही सगळ्यात वाईट जागा. वीज झाडावर पडते आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. जमिनीवर जवळजवळच्या दोन ठिकाणी तिचा दाब वेगवेगळा असतो. मेंढराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब, त्यामुळं प्रवाह एका पायातून वर चढतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या पायातून उतरतो. म्हणून कळपच्या कळप एकदम पडतो, अंगावर भाजल्याची फारशी खूणही नसते. माणसानंही म्हणून आडवं झोपायचं नाही. पाय एकमेकांना चिकटवून उकिडवं बसायचं, हात कानांवर.

ढग वर यायच्या आधी कळप झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब, सखल जागी न्या. ओढ्याच्या पात्रात नको, वर पाऊस झाला तर पाणी येईल. मेंढरं जेवढी पांगलेली तेवढं बरं. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा : तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्यावर पडू शकते. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं, ऊन पडलं तरी.

फोन असेल तर पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप घ्या. तुम्ही जिथं उभे आहात त्याच्या आसपास कुठं वीज पडतेय ते दाखवतं. रेंज नसेल तर मोजणी आहेच.


माणदेशी_गडी | बुधवार, सकाळ

पोराच्या फोनात टाकून घेतो. पुतन्याला बी सांगतो, त्यो आटपाडीकडं हाय कळप घिऊन.


(बुधवार दुपारपासून)

घाटमाथ्यावरून (भिलार) | दुपारी ३ : पाचगणीच्या टेबललँडवर ढग उभा. फळ तोडून झालं.

यवतेश्वराचा_घाट (सातारा) | दुपारी ४ : अजिंक्यताऱ्यामागं काळं. वारं बंद, पान हलत नाही.

घाटमाथ्यावरून | दुपारी ४.३० : गारा! हरभऱ्याएवढ्या. दहा मिनिटं. वाईत म्हणे कडक ऊन.

हळदकांडी (हरिपूर) | संध्याकाळी ५.४५ : ढीग झाकून ताडपत्रीवर बसलोय. थेंब नाही.

बेदाणा_शेड (सावळज) | संध्याकाळी ६.१५ : वारं सुटलं. पूर्वेकडनं. दिवे गेले.

शंकेखोर (विश्रामबाग) | संध्याकाळी ७ : आज छत्री नेली नाही. भिजलो. हसा.

यवतेश्वराचा_घाट | संध्याकाळी ७.२० : पाऊस नाही पण हवा एकदम बदलली, पारा बघता बघता खाली. मामांचा फोन : ‘बघ, आली ना आघाडी? बुधवार म्हटलं होतं, बुधवारीच आली!’ आता यांना काय सांगू?


कृष्णाकाठचा_वारा | बुधवार, रात्र

मामांना सांगा, उद्या दुपारी बारा वाजता परत फोन करा.

ढगाखालून पसरलेली गार हवा म्हणजे तेवढ्याच परिसरावर सांडलेली, काही शे मीटर जाडीची. रात्री मजा येते. सकाळी ऊन चढलं की ती खालूनच तापते आणि संपते. आघाडीमागची हवा तशी नसते. ती मैलोन्‌मैल पसरलेली, पार समुद्रापर्यंत एकच, म्हणून ताईंच्या गावाला दुसऱ्या दिवशीही गारवा टिकतो. उद्या दुपारी साताऱ्यात पारा आजच्याच घरात असला तर आघाडी आली नव्हती. मामांनाच मोजायला लावा.


मिरजकरीण | गुरुवार, सकाळ

इथंही नेहमी टिकतोच असं नाही हं. दोन दिवसांनी वारा परत उत्तरेचा झाला की पुन्हा तेच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जॅकेट लागतं हे खरं.


हळदकांडी | गुरुवार, दुपार

हरिपूर, दुपारी एक. कालच्यासारखंच ऊन, वर घाम जास्त. रात्री दोन-चार सरी झाल्या, ताडपत्रीनं निभावलं. हळद परत पसरली.


यवतेश्वराचा_घाट | गुरुवार, दुपार

मामांनी फोन उचलला नाही.


घाटमाथ्यावरून | गुरुवार, दुपार

माझं तोडलेलं फळ वाचलं, पण शेजाऱ्यांची फरसबी आणि पलीकडच्यांचा टोमॅटो झोडपला. खाली वाईकडं द्राक्ष-डाळिंबवाले कुणी असतील तर विमा उतरवलेल्यांनी आजच कळवा. स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं असतं. तलाठी-कृषी सहायक येतील तेव्हा येतील, तोवर गारा वितळायच्या आत फोटो, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. महसूल मंडळातलं हवामान केंद्र तुमच्या शेतापासून लांब असेल तर तिथं गारांची नोंदच होणार नाही. पंचनाम्यात तुमच्या शेताचं वेगळं लिहून घ्या.


बेदाणा_शेड | गुरुवार, दुपार

आमच्या गावात एकानं द्राक्षाची उन्हाळी खरड छाटणी लवकर घेतलेली, फुटी वीतभर झाल्यात. काल तिकडं गारा नाहीत, पण वाऱ्यानं शेंडे मोडलेत. बाकी दोन-तीन दिवस ढगाळ राहिलं तर काडीत घड कमी धरणार, हीच चर्चा चाललीय चहाच्या टपरीवर.

माझ्या खालच्या जाळीत एका कोपऱ्यात ओल आली, तो माल वेगळा काढला. बाकीचा रंग टिकलाय. आज पूर्वेचे पडदे किती वाजता पाडू?


कृष्णाकाठचा_वारा | गुरुवार, दुपार

टपरीवरची चर्चा खरी आहे, घड काडीत ठरायच्या दिवसांत ऊन लागतं. पण दोन-तीन दिवसांच्या ढगानं बाग जात नाही. आठवडाभर लांबलं तर काळजी. मोडलेल्या शेंड्यांवर काय फवारायचं ते कृषी सहायकाला विचारा, व्हॉट्सॲपवरचं मिश्रण नको.

पडदे आज अडीचलाच पाडा. गोव्याच्या रडारवर विजापूरच्या बाजूला आत्ताच ढग उठलेत आणि ते वायव्येला सरकताहेत. जतवाल्यांनो, तुमच्यावरून जातील, वारं कसं आहे ते लिहा.


माणदेशी_गडी | गुरुवार, दुपार

पुतन्या म्हनतोय आटपाडीत आबाळ भरलंय, मेंढरं खालच्या अंगाला पांगवून बसलोय. दामिनीत लाल ठिपकं दिसायल्यात, पन अजून लांब.